नवरा गेल्यावर

मार्तँ प्रोव्हो यांचा ‘ला बॉन एपूझ’, म्हणजे ‘चांगली बायको’, हा २०२० सालचा फ्रेंच विनोदी चित्रपट पाहताना मला ‘कुंकू’ आठवत राहिला. एक हसवतो, दुसरा अस्वस्थ करतो. पण दोन्ही कथांना वळण मिळते ते नवऱ्याच्या मृत्यूने.

‘कुंकू’ १९३७ चा. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी तो पुण्यात ‘प्रभात’साठी केला. शांता आपटे यांची नीरा फसवून लावलेले लग्न मानत नाही. वृद्ध काकासाहेबांना (केशवराव दाते) जवळ येऊ देत नाही. त्या काळी हा नकार विलक्षण धीट होता. तरी तिची सुटका होते ती काकासाहेबांना चूक उमगून ते स्वतःला संपवतात तेव्हा. दार ती ठोठावते, उघडतो मात्र नवराच. पुढे ती स्वतःच्या हिमतीवर कशी जगेल, हे सांगण्याआधीच चित्रपट संपतो.

फ्रेंच चित्रपट तिथूनच सुरू होतो. काळ १९६७-६८ चा. अल्सास प्रांतातली, मुलींना आदर्श गृहिणी घडवणारी शाळा. नवरा गेल्यावर पॉलेतला (ज्युलिएत बिनोश) कळते की शाळा कर्जात बुडाली आहे. संसार शिकवणारी ही बाई आता बँकेची पायरी चढते, व्यवहार शिकते. फ्रान्समध्ये नवऱ्याच्या परवानगीशिवाय नोकरी करण्याचा आणि स्वतःच्या नावे खाते उघडण्याचा हक्क विवाहित स्त्रीला १९६५ च्या कायद्याने मिळाला. म्हणजे कथा सुरू होते तेव्हा त्याला जेमतेम दोन वर्षे झाली होती. त्या हशामागे हा ताजा इतिहास आहे.

आमच्या चिंचवडमध्ये पहाटे कंपनीच्या बसची वाट पाहणाऱ्या मुली दिसतात. त्यांतली एक, चाकणला वायरिंग हार्नेसच्या लाइनवर काम करणारी, आमच्याच चाळीत राहते. तिला मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. ती हसली आणि म्हणाली, ‘‘काकू, पगार माझ्याच खात्यात येतो. एटीएमचं कार्ड तेवढं ह्यांच्याकडं असतं.’’

कायद्याने खाते दिले, कारखान्याने पगार दिला. राहिले ते कार्ड. ते हाती येण्यासाठी तरी कुणाला मरावे लागू नये, एवढेच मला वाटते.

परवा ती विचारत होती, ‘‘पिन बदलायला बँकेतच जावं लागतं का हो?’’