अपूची जळालेली निगेटिव्ह

गेल्या आठवड्यात सलग तीन रात्री सत्यजित राय यांची अपू चित्रत्रयी ब्लू-रेवर पाहिली: ‘पथेर पांचाली’ (१९५५), ‘अपराजितो’ (१९५६) आणि ‘अपूर संसार’ (१९५९). फिल्म सोसायटीत पूर्वी पाहिलेल्या प्रतींवर रेघांचा नुसता पाऊस होता. त्या प्रतींवरून बांधलेली माझी काही मतं या तीन रात्रींत बदलली.

आगीतून वाचलेलं

जुलै १९९३मध्ये लंडनच्या हेंडरसन लॅबोरेटरीला आग लागली आणि राय यांच्या अनेक चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह तिच्यात सापडल्या. करपलेले, चिकटलेले तुकडे कुणीही कचऱ्यात टाकले असते. ते लॉस एंजेलिसला ऑस्करवाल्या अकादमीच्या संग्रहात गेले आणि वीस वर्षं डब्यांत राहिले. २०१३मध्ये चित्रपटांच्या डिस्क काढणाऱ्या क्रायटेरियन कंपनीनं ते बाहेर काढले आणि बोलोन्याच्या ‘लिम्माजिने रित्रोव्हाता’ या प्रयोगशाळेत काम सुरू झालं. कोरडी ठणठणीत झालेली फिल्म आधी ओलावा देऊन मऊ करायची, वितळलेला गोंद खरवडायचा, कडेची तुटलेली भोकं हातानं पुन्हा घडवायची आणि मग स्कॅन करायची. हाताचं हे काम सुमारे हजार तास चाललं. ‘पथेर पांचाली’चा ४० टक्के आणि ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून अधिक भाग मूळ निगेटिव्हमधून मिळाला. उरलेला भाग इतर चांगल्या प्रतींवरून घेतला. ‘अपूर संसार’ची निगेटिव्ह मात्र वापरण्याजोगी उरलीच नव्हती.

पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात जानेवारी २००३मध्ये जुन्या चित्रपटांच्या नायट्रेट प्रती जळाल्या, ती बातमी वाचतानाची हळहळ या वेळी पुन्हा जागी झाली.

काय नव्यानं दिसलं

‘अपराजितो’ मला तिघांतला कमकुवत वाटायचा. आता तोच सर्वांत जवळचा वाटतो, आणि त्याचं कारण त्यातला उजेड आहे. बनारसचं घर कलादिग्दर्शक बंसी चंद्रगुप्त यांनी स्टुडिओत उभारलं होतं. छायालेखक सुब्रत मित्र यांनी अंगणावर पांढरं कापड ताणून त्यावरून दिव्यांचा प्रकाश खाली परतवला. वाड्याच्या चौकात दुपारी उतरतो तसाच हा सावलीविना उजेड. जुन्या प्रतीत तो करड्या चिखलात बुडाला होता. त्या उजेडात अपूच्या आईचा, सर्वजयाचा, थकलेला चेहरा वाचता येतो, आणि मुलगा हातचा जात असल्याचं तिला कधी कळलं, तेही.

‘पथेर पांचाली’त तळ्यावर नाचणारे पाणकिडे आता एकेक वेगळे दिसतात. अपूची बहीण दुर्गा गेल्याचं वडील हरिहरला कळतं तेव्हा सर्वजयाच्या रडण्याच्या जागी तारशहनाई ऐकू येते. पूर्वी ती कर्कश वाटली होती, आता ती हंबरड्यासारखी घुसते.

घरी पाहताना

अमेरिकेतून डिस्क मागवणार असाल तर आधी रीजन बघा. क्रायटेरियनच्या तिथल्या ब्लू-रे डिस्क ‘ए’ रीजनच्या, भारत ‘सी’मध्ये. साध्या प्लेअरवर त्या चालत नाहीत, सर्व रीजनचा प्लेअर लागतो.

टीव्हीवर चित्र ताणू नका. मूळ चौकट जवळपास चौरस आहे, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या. हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंगही बंद करा, नाहीतर काशफुलांतून धावणारी भावंडं मालिकेतली वाटतात.

आणि तिन्ही चित्रपट माझ्यासारखे सलग पाहू नका. ‘अपराजितो’नंतर मला एक दिवस थांबायला हवं होतं. ‘अपूर संसार’च्या शेवटी अपूचा मुलगा काजल बापाच्या खांद्यावर बसतो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर अजून सर्वजयाच होती.