वाळवंट ओलांडणारा हिशोब

मे महिन्याच्या भर दुपारी सोलापूर जिल्ह्यातल्या करकंबच्या माळावरून पाहिलं की दूरचा रस्ता पाण्यासारखा थरथरतो. छोट्या विमानाच्या वाळवंटी प्रवासाची खरी अडचण रस्ता असा थरथरवणाऱ्या हवेतच आहे. तापलेली हवा विरळ होते, पंखांना आधार कमी मिळतो आणि इंजिनाची ताकदही घटते. सोलापूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४८० मीटर उंच आहे. पारा ४२ अंशांवर गेला की तिथलं विमान दीड हजार मीटरांवर, म्हणजे महाबळेश्वरच्याही वर उभं असल्यासारखं वागतं. पहाटे सहज उडणारं तेच विमान दुपारी धावपट्टी संपत आली तरी जमीन सोडत नाही. वाळवंट ओलांडण्याच्या गोष्टी धाडसाच्या म्हणून सांगितल्या जातात. माझ्या मते ते धाडसापेक्षा वजन, इंधन, पाणी आणि वेळ यांच्या हिशोबाचं काम आहे, आणि टँकरची वाट पाहिलेल्या मुलखाला हा हिशोब कळायला जड जाऊ नये.

याचा जुना पुरावा १९३० सालचा आहे. इंग्लंड आणि भारत यांच्यातलं अंतर एकट्यानं उडून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. मुंबईचे जेआरडी टाटा कराचीहून निघाले, तर सतरा वर्षांचा ॲस्पी इंजिनिअर इंग्लंडहून. दोघांकडेही जिप्सी मॉथ हे छोटं, उघडं विमान होतं. वाटेत मकरानचा कोरडा किनारा, इराणचं आखात, इराक आणि इजिप्त. त्यातल्या इराकच्या टापूत ब्रिटिश हवाई दलानं १९२१मध्ये कैरो-बगदाद टपालमार्गासाठी वैराण जमिनीवर मैलोन् मैल नांगराचं तास ओढलं होतं. वैमानिकानं ते खाली पाहत जायचं. इजिप्तमधल्या अबुकीरला जेआरडींना ॲस्पी भेटले ते स्पार्क प्लगवाचून अडकलेले. जेआरडींनी जवळचे जादा प्लग देऊन टाकले आणि बक्षीस ॲस्पींनी जिंकलं. पुढे ते भारताचे हवाई दल प्रमुख झाले. ही गोष्ट जेआरडींच्या दिलदारपणासाठी सांगितली जाते, आणि तो होताच. पण धडधाकट विमान आणि हिमतीचा वैमानिक मुठीत मावणाऱ्या वस्तूवाचून जागच्या जागी थांबतात, हेही तिच्यात आहे. जादा सामान घ्यावं तर वजन वाढतं, टाळावं तर माणूस अडकतो. कुठे काय सोडायचं आणि काय घ्यायचं, हा निर्णय निघण्याच्या आदल्या रात्री होतो.

वाळवंटात विमान उतरवावं लागलं तर त्याला सोडू नये, असा एक नियम सांगितला जातो, कारण वाळूत माणसापेक्षा विमान लवकर दिसतं. त्याला उलटा दाखलाही आहे. एप्रिल १९३३मध्ये ब्रिटिश वैमानिक बिल लँकेस्टर सहारात रात्रीच्या उड्डाणात कोसळले. ते विमानाजवळच थांबले, आठ दिवस तग धरून होते, वहीत रोज नोंद करत होते. त्यांचा देह आणि ती वही १९६२मध्ये सापडली. उलट फ्रेंच लेखक-वैमानिक सेंत-एक्झुपेरी डिसेंबर १९३५मध्ये, तेही रात्रीच, लिबियन वाळवंटात आपटले. सोबत्यासह विमान सोडून चालत निघाले आणि जवळजवळ मरणाच्या दारात असताना एका बेदुइनानं त्यांना वाचवलं. म्हणजे नियम खोटा का? नाही. केवळ नशिबानं वाचणं हा नियम होऊ शकत नाही. थांबणं कामी येतं ते आपण कुठे असू हे जमिनीवरच्या कुणालातरी नेमकं ठाऊक असतं तेव्हाच. लँकेस्टर ठरल्या वाटेपासून दूर पडले होते.

आता उपग्रह वाट दाखवतात, संकटसंदेश पाठवणारी यंत्रं आहेत, मग हा जुना हिशोब कशाला, असं विचारता येईल. पण उपग्रह आपण कुठे आहोत ते सांगतो. समोरून वारा आला तर टाकीतलं इंधन तो वाढवत नाही. ताशी १६० किलोमीटर वेगाच्या विमानाला ८०० किलोमीटरला पाच तास लागतात. समोरून ताशी ४० किलोमीटरचा वारा आला की तेच पावणेसात तासांच्या घरात जातं. सहा तासांचं इंधन घेऊन निघालेल्यानं परत कुठून फिरायचं, हे निघतानाच ठरवलेलं बरं. मुंबईची आरोही पंडित १५ ऑक्टोबर २०२१ रोजी जेआरडींच्या १९३२च्या टपाल उड्डाणाच्या स्मरणार्थ कच्छच्या रणाकाठच्या भूजहून अहमदाबादमार्गे जुहूला आली, जीपीएस आणि ऑटोपायलट न वापरता. २०१९मध्ये एकटीनं अटलांटिक पार करताना तिनं ग्रीनलंडचं बर्फाळ रानही ओलांडलं होतं. यंत्रं उपलब्ध असतानाही कागदावरचा हिशोब जमणारी माणसं अजून आहेत, आणि असायला हवीत.

श्रीमंतांच्या छंदाशी आपला काय संबंध, हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. अशी विमानं महाग असतात, हे खरंच आहे. पण बारामतीला शिकाऊ वैमानिक उडतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं २०१८-१९मध्ये सोलापूर परिसरात विमानांनी ढगांवर प्रयोग केले. या सगळ्या विमानांना तीच तापलेली, विरळ हवा तोलून धरते. करकंबचा जो मुलगा किंवा जी मुलगी उडायला शिकायला जाईल, त्यानं किंवा तिनं पहिल्याच आठवड्यात गुरूंकडे मे महिन्यातल्या दुपारच्या उड्डाणाचं गणित मागावं आणि ते स्वतःच्या हातानं सोडवून पाहावं.