पिशवी काढली, तरी दुखणे का राहिले?

लागण, बेणेप्रक्रिया आणि खोडव्यातले पाचट यांवर लिहिणाऱ्या आमच्यासारख्या ऊसविकास अधिकाऱ्याने बायकांच्या पोटदुखीवर कशाला लिहावे, असे काही सभासद म्हणतील. त्यांनी जरा धीर धरावा.

गेल्या हंगामात कळंबकडच्या एका फडावर गेलो असता मोळ्यांच्या आडोशाला एक बाई पोट धरून वाकून बसलेली दिसली. मुकादमाला विचारले, तर म्हणाला, "काही नाही साहेब, महिन्याचं हाय. दोन दिसांत उठंल." नवरा एकटाच कोयता चालवीत होता. बाई आमच्याकडे न बघताच बोलली, "हंगाम सरला की पिशवीच काढून टाकते, कटकट जाईल."

हेच वाक्य आम्ही काही वर्षांपूर्वी आमच्या घरात ऐकले होते. आमच्या थोरल्या वहिनींना पाळीच्या वेळी इतके दुखे की भाकरी थापताना तव्यापुढेच आडव्या होत. माहेरी सांगितले होते, लग्न झाले की थांबेल. सासरी, म्हणजे आमच्याच घरी, सांगितले की पहिले बाळंतपण झाले की थांबेल. दोन लेकरे झाली, दुखणे थांबले नाही. शेवटी एकतिसाव्या वर्षी एका खासगी दवाखान्यात पिशवी काढली. त्या पैशासाठी भावाने उसाच्या बिलावर उचल घेतली होती. पाळी बंद झाली. पण आठ महिन्यांनी तेच दुखणे परत आले. ओटीपोटात, कंबरेत, शौचाला बसताना. आम्ही घरातले पुरुष मनात म्हणालो, आता कसले दुखणे? ढोंग असेल. हे लिहायला आज लाज वाटते, पण खरे ते लिहिले पाहिजे.

पुढे सोलापुरात एका डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करून सांगितले की बीजकोशावर जुन्या, काळपट रक्ताची गाठ आहे. रोगाचे नाव एंडोमेट्रिओसिस. आम्ही ते नाव पहिल्यांदाच ऐकले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मूल होण्याच्या वयातील दहा बायकांत सुमारे एकीला हा रोग असतो. म्हणजे आपल्या गटातल्या प्रत्येक वस्तीवर एखादी तरी.

रोग काय, तर गर्भाशयाच्या आतील अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर रुजतो. बीजकोशावर, आतड्यावर, ओटीपोटाच्या पडद्यावर. दर महिन्याला तोही सुजतो, त्यातून रक्त येते, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. जॉन सॅम्पसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९२०च्या दशकात मांडले की पाळीचे थोडे रक्त नळ्यांतून उलटे पोटात उतरते आणि त्याबरोबर अस्तराचे कणही जातात. पुढे कळले की असे उलटे रक्त बहुतेक बायकांत उतरते. मग रोग एकीलाच का? शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. तोडणीत टिपरी सगळीकडे सांडतात, पण जिथे ओल आणि वाफसा मिळतो तिथेच डोळा फुटतो. हा वाफसा कोणता, याचाच शोध जगभर चालू आहे.

२०२३ साली साठ हजारांहून अधिक रुग्ण बायकांच्या रक्तातील आनुवंशिक खुणा तपासून झाल्या. त्यांत बेचाळीस जागा सापडल्या, आणि त्यांतील काही अर्धशिशी व पाठदुखी यांसारख्या जुनाट दुखण्यांशी जुळतात असे दिसले. त्याच वर्षी जपानच्या नागोया विद्यापीठाने रोगी बायकांपैकी ६४ टक्क्यांच्या गर्भाशयाच्या अस्तरात एक ठराविक जंतू दाखवला. निरोगी बायकांत तो दहा टक्क्यांहूनही कमी होता. (उंदरांवर प्रतिजैविकाचा गुण आला म्हणून कोणी मेडिकलमधून कॅप्सूल आणून खाऊ नये. माणसांवरचे अजून सिद्ध व्हायचे आहे.) आपल्याकडे मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. राहुल गजभिये यांच्या नेतृत्वाखाली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साह्याने भारतीय बायकांवरच असा अभ्यास हाती घेतलेला आहे. गोऱ्या बायकांच्या माहितीवर आपले औषध किती दिवस ठरवायचे?

दुखते कशाने, यावरही आता बरेच उमगले आहे. रुजलेल्या थराभोवती सूज राहते, तिथे नव्या नसांचे धागे फुटतात. वर्षानुवर्षे कळा सोसून मेंदू व मज्जारज्जू इतके हळवे होतात की थोडेसे कारणही मोठी कळ होऊन बसते. वहिनी ढोंग करीत नव्हत्या.

आता पिशवीचे. लव्हाळा वरून कितीही कापा, मातीतली गाठ राहिली की तो पुन्हा येतो. रोग पिशवीबाहेर असेल तर नुसती पिशवी काढून तो जाईलच असे नाही. काही बायकांना आराम पडतो, हेही खरे, विशेषतः रोग पिशवीच्या भिंतीतच असेल तर. पण तो शेवटचा उपाय आहे, आणि त्याबरोबर तरुणपणीच बीजकोशही काढले तर हाडे लवकर ठिसूळ होतात. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेला आकडा आपण कारखानदारीतल्या सर्वांनी ध्यानात ठेवावा: ऊसतोडणी करणाऱ्या ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. सगळ्याच एंडोमेट्रिओसिसच्या होत्या असे आम्ही म्हणत नाही. पण एक दिवसाचा खाडा परवडत नाही म्हणून दुखण्याचे मूळ न शोधता ऑपरेशन करून घेणे, हे आपल्याच उसाच्या फडात घडत आले.

आधी करण्यासारखे पुष्कळ आहे. दुखणे भडकण्याआधी, डॉक्टरांच्या सल्ल्याने वेदनाशामक गोळी. मूल लगेच नको असेल तर पाळी दाबून ठेवणाऱ्या हार्मोनच्या गोळ्या; त्यांत डायनोजेस्ट हे औषध आपल्याकडे मिळते. गरज पडल्यास दुर्बिणीतून रुजलेला थर काढतात, पिशवी जागेवर ठेवून. रोग मुळापासून जाईल असे औषध अजून निघालेले नाही आणि काहींना तो परत होतो. मात्र पूर्वी दुर्बीण घातल्याशिवाय उपचार सुरू करीत नसत. आता लक्षणे व सोनोग्राफी पाहूनही गोळ्या सुरू करतात. धाराशिवचे जिल्हा रुग्णालय, अंबाजोगाई किंवा सोलापूरचे सरकारी मेडिकल कॉलेज, जिथे सोयीचे पडेल तिथे जावे. कोणी पिशवी काढायला सांगितली तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतल्याखेरीज सही करू नये.

सोलापूरच्या बाईंनी वहिनींना पहिला प्रश्न विचारला होता, "कधी कधी दुखते, तारखा आहेत का?" आमच्याकडे पंधरा वर्षांच्या लागणीच्या तारखा होत्या, ही एकही नव्हती. तेव्हापासून कारखान्याची जी डायरी सभासदांना मिळते, ती आमच्या घरी वहिनींकडे असते. उसाच्या पाळ्या त्यांनी मागच्या पानांवर लिहायला लावल्या आहेत.