कागदातील अदृश्य बांध

इस्लापूरसारख्या गावात संगणकावरील मजकुराच्या मांडणीविषयी व्याख्यान कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर सरळ आहे. आज हमालांचा अर्ज असो, बचतगटाचा ठराव असो की शेतकऱ्यांचे निवेदन, ते टंकलिखित होते संगणकावर आणि जाते किनवटच्या किंवा नांदेडच्या साहेबांच्या टेबलावर. तेथे कागद अडला की माणूस अडतो.

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सुमारे ५,५०० सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. आठवड्याची सुटी आणि दुपारचा अर्धा तास विसावा या त्यातील मागण्या होत. तेव्हापासून सही हे श्रमिकांचे बळ आहे. परंतु सही ज्या मजकुराखाली आहे तो मजकूर सलग हवा. पानांचा क्रम तुटला, की 'ही सही नेमकी कशाखाली?' असे विचारण्यास समोरच्यास वाव मिळतो.

आमच्या पाहण्यात असेच एक बारा पानी मागणीपत्र आले. सात पाने क्रमाने होती. आठव्या पानावर आकडा पुन्हा १, आणि माथ्यावर गतवर्षीचे साल! कचेरीतील कारकून म्हणाला, 'हे दोन वेगळे कागद आहेत, नीट करून आणा.' रोजंदारी बुडवून आलेली माणसे रिकाम्या हाताने परतली. टंकलेखकाने तर एकही अक्षर चुकीचे टाकले नव्हते. मग घडले काय? त्याने गतवर्षीचेच मागणीपत्र उघडून त्यावर नवा मजकूर बसविला होता. जुनी अक्षरे पुसली गेली. पण जुन्या परिशिष्टापूर्वी घातलेला 'सेक्शन ब्रेक' तेथेच राहिला.

हा सेक्शन ब्रेक म्हणजे शेतातील बांध. बांधाच्या अलीकडे ज्वारी, पलीकडे हरभरा. त्याप्रमाणे ब्रेकच्या दोन्ही बाजूंस समास, पानाची आडवी-उभी ठेवण, माथ्यावरील ओळ आणि पानांचे आकडे वेगवेगळे ठेवता येतात. वर्डमध्ये याचे चार प्रकार आहेत: नव्या पानावर नेणारा, त्याच पानावर चालू राहणारा, सम पानावर नेणारा आणि विषम पानावर नेणारा. शेवटच्या दोहोंमुळे मध्येच आकडा गळतो, छापताना कोरे पान निघते, आणि लोक दोष देतात यंत्राला.

बांध दिसत नाही, म्हणून तो शोधावा लागतो. वर्डमध्ये 'होम' पट्टीवर उलट्या 'पी'सारखे परिच्छेदचिन्ह आहे, ते दाबावे. किंवा कंट्रोल, शिफ्ट आणि ८ ही बटणे एकत्र दाबावीत. जेथे ब्रेक असेल तेथे ठिपक्यांची दुहेरी रेघ व तिच्यावर त्याचे नाव उमटते. ओळ अक्षरांनी भरलेली असेल तर ही रेघ आखडते. अशा वेळी 'व्ह्यू'मधील 'ड्राफ्ट' निवडावे, म्हणजे ती पानभर पसरलेली दिसते. दुसरा उपाय असा: पडद्याच्या तळपट्टीवर माउसचे उजवे बटण दाबून 'सेक्शन'वर खूण करावी. मग मजकुरात जेथे क्लिक कराल तेथला सेक्शन क्रमांक तळाशी दिसतो. तो जेथे १ चा २ होतो, तेथेच बांध. दस्तऐवज लांबलचक असल्यास 'ॲडव्हान्स्ड फाइंड'मध्ये 'मोअर', मग 'स्पेशल', मग 'सेक्शन ब्रेक' निवडून यंत्रालाच शोधावयास लावावे.

सापडला म्हणून लगेच पुसू नये. कोणी विचारील, का बरे? तर वर्डमध्ये प्रत्येक विभागाचे नियम त्याच्या शेवटच्या ब्रेकमध्ये साठविलेले असतात, पत्राखालच्या सहीसारखे. ती सही पुसली, की वरचा सारा मजकूर खालच्या विभागाच्या नियमाखाली जातो. खालचे पान आडवे असेल, तर वरची पानेही आडवी होतात! म्हणून आधी फाइलीची प्रत ठेवावी.

पुष्कळदा ब्रेक काढण्याची गरजच नसते. पानांच्या आकड्यांच्या 'फॉरमॅट'मध्ये 'कंटिन्यू फ्रॉम प्रीव्हियस सेक्शन' निवडले, की आकडे पुढे सलग चालतात. माथ्यावरील ओळीत दोनदा क्लिक करून 'लिंक टू प्रीव्हियस' चालू केले, की जुने साल जाऊन आधीच्या विभागाची ओळ तेथे येते. त्यानंतर सारी पाने छापून, पहिल्यापासून शेवटपर्यंत आकडे मोजूनच सह्या घ्याव्यात.

हे ज्ञान टंकलेखन केंद्राच्या चार भिंतींत राहू नये, एवढाच आमचा आग्रह आहे. ज्यांच्या सह्या कागदावर असतात, त्यांना कागदाचे बांधही ओळखता आले पाहिजेत. प्रत्येक संघटनेत, प्रत्येक बचतगटात निदान एका मुलाने वा मुलीने हे शिकून घ्यावे, आणि दुसऱ्या दोघांना शिकवावे.