आडवा वारा

पावसाळ्यात माटुंग्याचा झेड ब्रिज छत्री घेऊन ज्यांनी ओलांडला आहे, त्यांना आडव्या वाऱ्याची ओळख नव्याने करून द्यायला नको. मध्य रेल्वेच्या माटुंग्याहून माटुंगा रोडकडे निघालो की वारा समोरून येतो. छत्री पुढे धरली की भागते. मग पूल वळतो आणि तोच वारा बगलेत शिरतो. छत्री उलटते, पाय नकळत कठड्याकडे सरकतात. वारा तोच, जोरही तोच. बदलते ती आपली दिशा.

विमानाचेही असेच आहे. सांताक्रूझच्या विमानतळावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या आहेत. मुख्य पट्टी पूर्व-पश्चिम, दुसरी वायव्य-आग्नेय. समजा, पश्चिमेच्या थोडा दक्षिणेकडून, मुख्य पट्टीशी 30 अंशांचा कोन करून ताशी 40 किलोमीटरचा वारा सुटला आहे. पश्चिमेकडे तोंड करून उतरणाऱ्या विमानाला त्यातला आडवा भाग लागतो निम्मा, म्हणजे 20 किलोमीटरचा. दुसऱ्या पट्टीवर मात्र जवळजवळ सगळाच वारा कुशीत बसतो. म्हणून पावसाळ्यात विमाने शक्यतो पश्चिमेकडे तोंड करून उतरतात.

उरलेल्या आडव्या वाऱ्यासाठी वैमानिक विमानाचे नाक वाऱ्याकडे वळवून खेकड्यासारखा तिरका येतो आणि चाके टेकता टेकता नाक पट्टीच्या रेषेत आणतो. मोठी प्रवासी विमाने कोरड्या पट्टीवर ताशी 60-70 किलोमीटरपर्यंतचा आडवा वारा सोसतात. पट्टी ओली असेल तर ही मर्यादा खाली येते.

एकदा जुलैत नागपूरहून येताना आमचे विमान जमिनीजवळ येऊन पुन्हा वर गेले. मागचे गृहस्थ म्हणाले, ''नवशिका दिसतोय!'' मीही मनातून वैतागलोच होतो. वास्तविक विमान रेषेत बसत नाही असे दिसताच पुन्हा वर जाणे, हेच जाणत्याचे लक्षण.

जहाजाला वर जायची सोय नाही. वारा कुशीवर आला की ते नाकासमोर जाता जाता बाजूला वाहवत जाते. वेग कमी असेल तर सुकाणूही नीट लागू पडत नाही. 2021 च्या मार्चमध्ये 'एव्हर गिव्हन' हे 400 मीटर लांबीचे जहाज सुएझ कालव्यात आडवे होऊन सहा दिवस अडकले. त्या वेळी जोरदार वाऱ्याचे कारण पुढे आले होते. कंटेनरांची ती उंच चळत वाऱ्याला शिडासारखीच!

लहानपणी अब्बांबरोबर रेवसला जाताना लाँचचा तांडेल म्हणायचा, ''लाट नाकावर घ्यावी, कुशीवर घेऊ नये.'' हे ऐकले की अब्बा गप्प होत. 17 जुलै 1947 ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट त्यांच्या पिढीच्या काळजात रुतून बसली होती. भर पावसात, खवळलेल्या समुद्रात बोटीत पाणी शिरले, घाबरलेली माणसे एका बाजूला धावली, बोट कलंडली. सहाशेहून अधिक माणसे गेली. कुशीवरची लाट आणि एकाच कडेला आलेला भार, या दोन्हींपुढे कुठलीच बोट टिकत नाही.

गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात. धक्क्यावर जाऊन परत आलेली माणसे कुरकुरतात. मीही कुरकुरलो आहे. आता मात्र ''आज सुटणार नाही'' हे शब्द कानावर आले की मला अब्बांचे ते गप्प होणे आठवते आणि मी मुकाट्याने घरची वाट धरतो.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)