‘द व्हॅक्सीन वॉर’ आणि वस्तीचे प्रश्न

शनिवारी विहारात टीव्हीला मोबाईल जोडून आम्ही बायकांनी ‘द व्हॅक्सीन वॉर’ हा हिंदी सिनेमा पाहिला. 2023चा, दिग्दर्शक विवेक अग्निहोत्री. दिग्दर्शकाचं नाव ऐकूनच काहीजणी बसायला तयार नव्हत्या. पण बसल्या, आणि काही प्रसंगांत डोळे भरून आले, हेही कबूल करतो.

गोष्ट कोव्हॅक्सिनची आहे. मार्च 2020 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने रुग्णांच्या नमुन्यातून कोरोनाचा विषाणू वेगळा काढला. हैदराबादच्या भारत बायोटेकने तो वाढवून, रसायनाने मारून त्याची लस केली. मेलेल्या विषाणूने आजार होत नाही, पण शरीराला त्याची ओळख पटते. माणसांबरोबर 20 माकडांवरही तिची चाचणी झाली. संस्थेच्या तेव्हाच्या संचालक डॉ. प्रिया अब्राहम यांचं काम पल्लवी जोशीने केलंय. घरदार बाजूला ठेवून राबणाऱ्या इतक्या शास्त्रज्ञ बाया हिंदी सिनेमात आम्ही तरी आधी पाहिल्या नव्हत्या.

खटकलं ते वेगळंच. शंका काढणारी पत्रकार इथे खलनायिका आहे. आता खरं काय घडलं ते बघा. 3 जानेवारी 2021 ला या लसीला परवानगी मिळाली, तेव्हा तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत ती किती गुणकारी हे कळायचं होतं. मग ‘आकडे कुठेत?’ असं विचारलं तर बिघडलं काय? अंतिम आकडा जुलैत आला. लक्षणं असलेला कोरोना रोखण्यात लस 77.8 टक्के परिणामकारक ठरली.

आमच्या वस्तीतही प्रश्न होतेच. बीपीची गोळी चालू आहे, घेऊ का? पाळीत चालते का? ताप का येतो? एका आज्जीने तर थेट विचारलं, “सिस्टर, आमच्यावर प्रयोग तर नाही ना चाललेला?” तिला गप्प कसं करायचं? सुरुवातीला कोव्हॅक्सिन घेताना आम्हा नर्सकडूनही संमतीपत्रावर सही घेतली होती. ते आम्ही तिला लपवलं नाही. सही का घेतली, अजून काय कळायचं आहे, आम्ही स्वतः का घेतली, सगळं पायरीवर बसून सांगितलं. पुढच्या आठवड्यात आज्जी सुनेला घेऊन केंद्रावर आली. ज्यांना कुणी दटावलं होतं, ते मात्र बरेच दिवस फिरकलेच नाहीत.

1 मेपासून 18 ते 44 वयाच्यांना आधी ऑनलाइन नोंदणी सक्तीची झाली. साधा फोन असलेल्या पोरांनी काय करायचं? शेजारच्याच्या मोबाईलवर ओटीपीची वाट बघत रात्री जागवल्या. दारोदार फिरून लोकांना केंद्रापर्यंत आणलं ते आशाताईंनी. त्याच आशाताईंना 15 जून 2021 पासून मानधनासाठी राज्यभर संप करावा लागला. त्यांच्यावर सिनेमा कोण काढणार, असं शनिवारी मागच्या रांगेतून एकीने विचारलं. ती स्वतः आशा आहे.