विमानाच्या पाठीवरचा उंचवटा

विमानतळावर काचेपाशी उभं राहून विमानं न्याहाळायची सवय असेल, तर एक गोष्ट नजरेला पडली असेल. पुष्कळ विमानांच्या पाठीवर एक लांबट उंचवटा असतो. उंचीला जेमतेम फूटभर, लांबीला पुरुषभर किंवा थोडा जास्त. विमानात इंटरनेट येतं ते त्यातून. असे उंचवटे बसवणाऱ्या टोळीत माझी उमेदीची काही वर्षं गेली. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका हँगरात एअरलाइन्सची विमानं मोठ्या तपासणीला, म्हणजे सी-चेकला, यायची आणि तो मुक्काम हलायच्या आत आम्हाला आमचं काम उरकावं लागायचं. उपग्रह, बँडविड्थ, पासवर्ड हे सगळं पुढचं. हा धंदा सुरू होतो विमानाला भोक पाडण्यापासून, आणि त्याचं बरंचसं अर्थकारणही त्या भोकाभोवतीच फिरत आलं आहे.

सी-चेकमधलं विमान आतून ओळखू येत नाही. खुर्च्या निघालेल्या, छताची पॅनेलं उतरवलेली, त्यामागच्या इन्सुलेशनच्या गाद्या गुंडाळून बाजूला बांधलेल्या. मग दिसतो तो सांगाडा: गोल फासळ्या म्हणजे फ्रेम, लांबीच्या दिशेने गेलेले स्ट्रिंगर आणि त्यांच्यावर ताणून बसवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा. बोइंग ७३७ सारख्या विमानाच्या पाठीवर तो साधारण मिलिमीटरभर जाडीचा असतो. छत्तीस हजार फुटांवर बाहेरच्या हवेचा दाब जमिनीवरच्या पाव हिश्शाहूनही कमी, आत मात्र प्रवाशांना सोसेल इतका ठेवलेला. या फरकापायी पत्र्याच्या दर चौरस मीटरवर आतून साडेपाच टनांच्या आसपास जोर येतो. प्रत्येक उड्डाणात विमान एकदा फुगतं आणि उतरताना सैल पडतं. अशा पत्र्याला हात लावायचा तर आधी कागद लागतात. डिझाइनमध्ये फेरफार करण्याचं प्रमाणपत्र, ज्याला हँगरात सगळे नुसतं ‘एसटीसी’ म्हणतात, ते विमानाच्या जातीनुसार वेगळं घ्यावं लागतं. एअरबस ए-३२० चा कागद ७३७ ला चालत नाही.

ड्रिल चालवायला दोघं लागतात. एक बाहेर डॉकवर, विमानाच्या पाठीवर ओणवा. दुसरा आत शिडीवर, व्हॅक्यूमची नळी धरून. कारण धातूचा कीस तारांच्या जुडग्यात पडून चालत नाही. भोकाची कड तासून गुळगुळीत करायची, तडा सुरू होतो तो खरखरीत कडेपासूनच. उघड्या पडलेल्या धातूवर गंज रोखणारं रसायन फिरवलं की तेवढा भाग सोनेरी पिवळा होतो. त्यावर प्रायमर, मग भोकाभोवती बळकटीसाठी जादा पत्रा, म्हणजे डबलर, आणि ओल्या सीलंटमध्ये बुडवून ठोकलेले रिव्हेट. सीलंट आपल्या गतीनं वाळतं. एअरलाइनचा माणूस दर तासाला येऊन घड्याळाकडे बघत असला, तरी त्याला घाई चालत नाही. शेवटी अँटेनाचा पाया आणि विमानाचं अंग यांच्यातला विद्युतरोध मिलिओममध्ये मोजायचा. विमानावर वीज पडलीच, तर तिला पत्र्यावरून निघून जायला सरळ वाट मिळाली पाहिजे.

बाहेरून दिसतो तो उंचवटा म्हणजे रेडोम, अँटेनावरचं फायबरचं झाकण. त्याला पक्ष्याची धडक सोसावी लागते, गारा सोसाव्या लागतात, आणि एवढं करून रेडिओलहरींना मात्र आडवं यायचं नाही. आमचे अँटेना ज्या पट्ट्यात चालत, त्या केयू बँडच्या लहरींची लांबी दोन-अडीच सेंटिमीटर. झाकणाच्या भिंतीची जाडी त्या हिशेबानं ठरवलेली असते. त्यामुळे रंगकाऱ्यांशी आमचे खटके उडत. त्यांना विमान एकजीव दिसायला हवं, म्हणजे डाग दिसला की रंगाचा आणखी एक हात. आम्हाला त्या जादा हातानं घटणारा सिग्नल दिसायचा. धातूची भुकटी मिसळलेला चमकदार रंग तर बिलकूल वर्ज्य.

हँगरच्या छपराखाली उपग्रह दिसत नाही, म्हणून चाचणीला विमान ट्रॅक्टरनं ओढून बाहेर आणायचं. दक्षिणेचं आकाश मोकळं हवं, कारण हे उपग्रह विषुववृत्तावर, ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. अँटेना प्रक्षेपण करू लागला की विमानाच्या पाठीकडे कुणी फिरकायचं नाही. आम्ही केबिनमध्ये बसायचो आणि डोक्यावरून बारीक घरघर ऐकू यायची: अँटेना फिरून उपग्रह शोधतोय. आकाशात अशा उपग्रहांची रांग दोन-दोन अंशांवर लागलेली. नेम ढळला तर आपला सिग्नल शेजारच्याच्या उपग्रहात घुसणार. म्हणून अमेरिकेत तेव्हा नियमच असा होता, की नेम अर्ध्या अंशाहून जास्त चुकला तर एक दशांश सेकंदात प्रक्षेपण बंद झालं पाहिजे. ताशी आठ-नऊशे किलोमीटरनं जाणारं, वळताना कलणारं, ढगांत हादरणारं विमान, आणि त्यावर हा नेम. विषुववृत्ताजवळ तर लांबट अँटेनाची आणखी पंचाईत होते. उपग्रहांची रांग तिथे आकाशात उभी दिसू शकते, अँटेना पडला आडवा. मग त्याचा झोत शेजाऱ्यांवर फाकतो आणि ताकद कमी करावी लागते. ‘समुद्रावर गेलो आणि नेट मंदावलं’ म्हणून प्रवासी कुरकुरतो, त्यामागे कधी कधी ही भूमिती असते.

आता पैशाकडे येऊ. एवढा खटाटोप कुणाच्या खर्चानं करायचा, या प्रश्नावर या धंद्यानं अनेकांना बुडवलं आहे.

पहिला मोठा डाव बोइंगचा. ‘कनेक्शन बाय बोइंग’ या उपक्रमात जून २००१ मध्ये अमेरिकन, डेल्टा आणि युनायटेड या तिन्ही एअरलाइन्स भागीदार व्हायला तयार झाल्या. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कचे मनोरे पडले आणि तिघींनी अंग काढून घेतलं. तरी बोइंगनं चिकाटी सोडली नाही. मे २००४ मध्ये लुफ्थान्साच्या म्युनिक–लॉस एंजेलिस विमानात सेवा सुरू झाली. लांबच्या प्रवासाला दर जवळजवळ ३० डॉलर. पण खिशात स्मार्टफोन यायचे होते. घेणारा म्हणजे फक्त लॅपटॉपवाला, आणि त्याचीही बॅटरी अटलांटिक ओलांडेपर्यंत टिकेल याची खात्री नाही. २००६ च्या अखेरीस बोइंगनं दुकान बंद केलं. पुढच्याच वर्षी आयफोन बाजारात आला.

त्याच २००६ साली अमेरिकेत खुर्चीच्या पाठीतला ‘एअरफोन’ हा टेलिफोन गुंडाळला गेला आणि त्याच्या लहरींचा लिलाव झाला. एअरसेल नावाच्या कंपनीनं (आपल्याकडच्या एकेकाळच्या मोबाईल कंपनीशी तिचा संबंध नाही) ३ मेगाहर्ट्झचा पट्टा ३ कोटी १३ लाख डॉलरना घेतला. उपग्रहाच्या भानगडीत न पडता तिनं देशभर मोबाईलसारखे मनोरे उभे केले, फक्त त्यांचं तोंड आकाशाकडे. ऑगस्ट २००८ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सवर ‘गोगो’ या नावानं ही सेवा आली. अख्ख्या विमानाला मिळून सेकंदाला तीन मेगाबिट.

गोगोची खरी चतुराई करारात होती. यंत्रसामग्री बसवायच्या खर्चाचा मोठा भार तिनं स्वतःवर घेतला, प्रवाशाकडून पैसे तीच घेई आणि त्यातला हिस्सा एअरलाइनला देई. एअरलाइनला ही सोय जवळजवळ फुकटात पडली, म्हणून तिनं वर्षानुवर्षांच्या करारावर आनंदानं सही केली. मोबदल्यात गोगोला मिळालं ते विमानाच्या अंगावरचं स्थान. एकदा तुमचं सामान पत्र्याला ठोकलं गेलं, की दुसरा कुणी स्वस्त आणि वेगवान सेवा घेऊन आला तरी एअरलाइन विचार करते: विमान पुन्हा उभं ठेवायचं, जुनं उपसायचं, भोकं बुजवायची, नव्या कागदांची वाट बघायची. उभ्या विमानाचा एकेक दिवस म्हणजे न विकलेली शेकडो तिकिटं. या हिशेबात प्रवाशाला किती वेग मिळतो, हा रकानाच नव्हता.

शंभरांतले जेमतेम पाच-सहा प्रवासी पैसे मोजत होते, तोवर तीन मेगाबिट पुरले. पण प्रत्येकाच्या खिशात फोन आला, आणि फोन मालकाला न विचारताही नेट खातो: फोटोंचा बॅकअप, ॲपचे अपडेट, वाचून झालेल्या मेलची पुन्हा विचारपूस. गर्दी आवरायला मग किंमत हेच हत्यार उरलं. वर्दळीच्या मार्गांवर दर चढे ठेवायचे, म्हणजे घेणारे कमी होतात. आपलाच माल कमी खपावा म्हणून भाव वाढवणारा दुकानदार विरळाच, पण गोगोवर ती पाळी आली.

डिसेंबर २०१३ मध्ये जेटब्लूनं वायासॅट-१ या उपग्रहाच्या जोरावर वेगवान वायफाय सुरू केलं आणि प्रवाशांना ते फुकट वापरता येऊ लागलं. या उपग्रहाची एकट्याची क्षमता सेकंदाला १४० गिगाबिट. दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, अमेरिकन एअरलाइन्सनं गोगोला टेक्सासच्या न्यायालयात खेचलं. जास्त चांगली सेवा बाजारात आली, तर करारातून बाहेर पडता येईल, असं एक कलम करारात होतं. त्यावर बोट ठेवून. गोगोचा शेअर आपटला. काही दिवसांत दावा मागे घेतला गेला, पण संदेश पोहोचला. गोगोनंही उपग्रहाची वाट धरली. म्हणजे पुन्हा विमानं उभी, पुन्हा भोकं, पुन्हा खर्च. २०२० मध्ये महासाथीनं विमानं जमिनीवर बसवली, तेव्हा या धंद्यातली ग्लोबल ईगल ही कंपनी जुलैमध्ये दिवाळखोरीत गेली. उपग्रहांची मालक इंटेलसॅट त्याआधी मेमध्येच दिवाळखोरीत गेली होती, आणि तरीही वर्षअखेरीस तिनं गोगोचा एअरलाइन विभाग ४० कोटी डॉलरना विकत घेतला.

आता प्रवाशाकडून पैसे घ्यायची पद्धत मागे पडते आहे. डेल्टानं फेब्रुवारी २०२३ पासून देशांतर्गत विमानांत वायफाय फुकट करायला सुरुवात केली. अट एकच, त्यांच्या स्कायमाइल्स योजनेचा सभासद क्रमांक टाका. बिल एअरलाइन भरते. बदल्यात तिला कळतं की अमुक खुर्चीवर कोण बसलंय, आणि सभासदांची यादी फुगत जाते. अमेरिकेतल्या मोठ्या एअरलाइन्सना आपल्या क्रेडिट कार्डांच्या आणि मैलांच्या व्यवहारातून भरघोस उत्पन्न मिळतं, त्यात हे चपखल बसतं.

दुसरा बदल थेट हँगरातला. स्टारलिंकचे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरतात, त्यामुळे सिग्नलच्या फेरीला लागणारा अर्धा-पाऊण सेकंद जवळपास नाहीसा होतो. पण मला त्याहून मोठं वाटतं ते अँटेनाचं रूप. सपाट, हलता भाग एकही नाही, झोत वळवायचा तो इलेक्ट्रॉनिक्सनं. ऑक्टोबर २०२४ मध्ये कतार एअरवेजचं पहिलं स्टारलिंकवालं बोइंग ७७७ उडालं, आणि पुढे ही एअरलाइन सांगू लागली की एका विमानावर तीन दिवस चालणारं काम आता साडेनऊ तासांत होतं. आमच्या हँगरात कुणी असं म्हटलं असतं, तर त्याला आधी चहा पाजून शुद्धीवर आणला असता. एका रात्रीत बसणारं सामान दुसऱ्या रात्रीत निघूही शकतं. गोगोच्या काळात पुरवठादाराच्या हाती असलेला लगाम इथे सुटतो.

भारतात हे सगळं उशिरा आलं, आणि आधी नियमांच्या वाटेनं. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राचे नियम निघाले: भारतीय हवाई हद्दीत ३००० मीटरच्या वर इंटरनेट वापरायला मुभा. नवी मुंबईतल्या महापे एमआयडीसीतली, टाटा समूहाची नेल्को यात उतरली. पॅनासोनिकच्या साथीनं तिनं दिलेली सेवा घेऊन सप्टेंबर २०२० मध्ये विस्तारा ही विमानात वायफाय देणारी पहिली भारतीय एअरलाइन ठरली. १ जानेवारी २०२५ पासून एअर इंडियानं ए-३५०, ७८७-९ आणि काही ए-३२१ निओ विमानांत देशांतर्गत मार्गांवर ते विनामूल्य सुरू केलं. दरम्यान नोव्हेंबर २०२४ मध्ये इस्रोचा जीसॅट-एन२ अमेरिकेतून स्पेसएक्सच्या रॉकेटवर गेला. ४,७०० किलोंचा, सेकंदाला ४८ गिगाबिटचा हा उपग्रह विमानातल्या इंटरनेटसाठीही आहे.

उपग्रह आहे, नियम आहेत, पुरवठादार आहेत. तरी मुंबई–दिल्लीच्या साध्या विमानात वायफाय क्वचितच भेटतं. याचं उत्तर विमानांच्या वेळापत्रकात आहे. आपल्याकडचं छोट्या पल्ल्याचं विमान दिवसात अनेक फेऱ्या मारतं, आणि त्याला नेटसाठी दोन-तीन दिवस हँगरात बांधून ठेवायला कुठला व्यवस्थापक राजी होईल? उंचवटा कारखान्यातूनच बसून यावा, हे सोयीचं. २०२३ मध्ये एअर इंडियानं ४७० आणि इंडिगोनं ५०० विमानांची मागणी नोंदवली. ती विमानं ताब्यात यायला पुढची कित्येक वर्षं लागतील, पण प्रत्येकाच्या पाठीवर काय असेल हे ते विमान कारखान्यात जुळवायला घेण्याच्या बरंच आधी कागदावर ठरतं. भारतीय प्रवाशाला आकाशात नेट कधी मिळणार, हे विचारायचं ठिकाण दूरसंचार खातं नव्हे. एअरलाइनचा खरेदी विभाग.